रोदाँ पाहायला जाताना: पॅरिसच्या शिल्पसंग्रहालयात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

पॅरिसला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या कार्यक्रमात आयफेल टॉवर, सेन नदीतला नौकाविहार आणि लूव्र संग्रहालय या गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर काय पाहावे, असे कोणी विचारले की मी ओग्यूस्त रोदाँ (१८४०-१९१७) या शिल्पकाराच्या संग्रहालयाचे नाव सांगतो. मात्र त्याबरोबर एक विनंतीही करतो, की तिथे जाऊन ‘विचारवंत’ (द थिंकर) या त्याच्या प्रसिद्ध शिल्पासमोर छायाचित्र काढून वीस मिनिटांत बाहेर पडू नये. बहुतेक लोक तसेच करतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. चित्रासमोर उभे राहावे आणि मूर्तीसमोर हात जोडावेत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. शिल्प कसे पाहावे, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. हा लेख त्यासाठीच आहे.

निघण्यापूर्वी घरी करायची तयारी

ही तयारी वाचनाची कमी आणि आठवणींची जास्त आहे. गणपतीच्या दोन-तीन महिने आधी पेणच्या एखाद्या कारखान्यात आपण गेला असाल, तर रोदाँच्या कामाची निम्मी ओळख आपल्याला आधीच झालेली आहे. मूळ मूर्ती मातीत घडते, तिच्यावरून साचा निघतो, साच्यातून प्रती निघतात. हात बऱ्याचदा वेगळे काढून मागाहून जोडले जातात आणि साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे उठलेली रेघ घासून नाहीशी केली जाते. रोदाँचे कामही याच क्रमाने चालत असे. तो स्वतः माती हाताळत असे, त्यावरून प्लास्टरची प्रत निघे, आणि त्या प्लास्टरवरून पुढे ओतारी कांस्याचे ओतकाम करीत किंवा त्याच्या कार्यशाळेतले कारागीर संगमरवर कोरीत. ज्या पदार्थाला आपण सरसकट ‘पीओपी’ म्हणतो, त्या प्लास्टर ऑफ पॅरिसचे नावसुद्धा याच शहरातल्या मोंमार्त्र टेकडीच्या परिसरात मिळणाऱ्या जिप्समवरून पडलेले आहे.

हा क्रम डोक्यात पक्का असला की संग्रहालयात पडणारा पहिला प्रश्न आपोआप सुटतो. तो प्रश्न असा: ‘विचारवंत’ जगात वीसहून अधिक ठिकाणी मोठ्या आकारात आहे, मग खरा कोणता? माती आणि साचा रोदाँचा असेल, तर त्यातून रीतसर ओतलेली प्रत ही मूळ कलाकृतीच मानली जाते. अशा प्रती किती काढाव्यात यावर फ्रान्समध्ये आज बाराची मर्यादा आहे. शिल्पाच्या पायथ्याशी वाकून पाहिल्यास रोदाँची सही आणि बऱ्याचदा ओतशाळेचे नावही कोरलेले दिसते. आलेक्सी रुदिए हे नाव तिथे वारंवार आढळेल.

शक्य असेल त्यांनी निघण्यापूर्वी एक दिवस अलिबागजवळच्या सासवण्यालाही जाऊन यावे. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांची शिल्पे त्यांच्या राहत्या घरी आणि अंगणात मांडलेली आहेत. शिल्पकाराच्या स्वतःच्या वास्तूत त्याचे काम पाहणे म्हणजे काय, याचा अनुभव तिथे कोकणातल्या उजेडात मिळतो. पॅरिसलाही आपण एका अर्थी रोदाँच्या घरीच जाणार आहोत.

दिवस, वेळ आणि रस्ता

संग्रहालय सोमवारी बंद असते. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर या दिवशीही ते उघडत नाही. एरवी ते सकाळी दहाला उघडते. वेळा आणि तिकिटाचे दर बदलत असल्यामुळे निघण्याच्या आठवड्यात संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खात्री करावी आणि जमल्यास तिथूनच तिकीट काढावे. अठरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांनाच प्रवेश विनामूल्य असतो, परंतु त्या दिवशी गर्दी फार होते. शिल्पाभोवती मोकळे फिरता येणे हाच या भेटीचा गाभा असल्यामुळे, माझ्या मते तिकिटाचे पैसे देऊन मंगळवार ते शुक्रवारपैकी एखाद्या सकाळी जाणे अधिक चांगले. पॅरिस म्युझियम पास घेतला असेल तर तो इथे चालतो.

भुयारी रेल्वेच्या १३ क्रमांकाच्या मार्गावरील व्हारेन स्थानकावर उतरावे. तिथल्या फलाटावरच ‘विचारवंत’ आणि ‘बाल्झाक’ (फ्रेंच कादंबरीकार) या दोन शिल्पांच्या प्रतिकृती उभ्या आहेत, त्यामुळे स्थानक चुकण्याची भीती नाही. तिथून ७७, र्‍यू द व्हारेन हा पत्ता पायी काही मिनिटांवर आहे.

पायात सपाट आणि सवयीची पादत्राणे असावीत, कारण घराइतकेच बागेतही चालायचे असते. बाग सुमारे तीन हेक्टरांची आहे. मोठी पाठपिशवी हॉटेलवरच ठेवावी. दाटीच्या दालनात पाठीवरची पिशवी मागच्या शिल्पाला लागणार नाही ना, या काळजीत असलेला माणूस काहीच नीट पाहू शकत नाही. छायाचित्रे काढता येतात, पण फ्लॅश वापरू नये. शिल्पांना हात लावू नये, हे तर कटाक्षाने पाळावे. हाताचा घाम आणि तेल संगमरवराच्या सूक्ष्म छिद्रांत मुरते आणि कांस्यावरचा मुद्दाम दिलेला रंगथर त्याने बदलतो. देवळात पायाला हात लावायची सवय असलेल्या आपल्या हातांना हे थोडे अवघड जाते, म्हणून आधीच लक्षात ठेवलेले बरे.

आधी घर, मग बाग

आत शिरताच उजवीकडे बागेत ‘विचारवंत’ दिसू लागतो आणि पाय तिकडेच वळतात. तरीही आधी समोरच्या घरात जावे असे मी सुचवीन. दालने लवकर भरतात, बाग मात्र दिवसभर मोकळी असते. शिवाय बागेतली मोठी कांस्यशिल्पे ज्या लहान प्रयोगांतून उभी राहिली, ते प्रयोग घरात आहेत.

ओतेल बिराँ नावाची ही हवेली अठराव्या शतकातली आहे. १९०८ मध्ये रोदाँने तिच्या काही खोल्या भाड्याने घेतल्या. पुढे सरकारने ती वास्तू विकत घेतली, तेव्हा इथे आपले संग्रहालय व्हावे या अटीवर त्याने १९१६ मध्ये आपली सगळी शिल्पे, रेखाटने आणि जमवलेला संग्रह राष्ट्राला दिला. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला आणि १९१९ मध्ये संग्रहालय खुले झाले. उंच खिडक्यांतून येणारा बागेतला उजेड या दालनांत शिल्पांवर पडतो. ढग येऊन गेला की तेच शिल्प बदलल्यासारखे दिसते. त्यामुळे एखाद्या शिल्पाकडे दहा मिनिटांनी पुन्हा परत येण्यात संकोच बाळगू नये.

प्रदक्षिणा

आता मुख्य गोष्ट. शिल्पाला पुढची बाजू नसते. निदान रोदाँच्या शिल्पाला तरी ती एकच नसते, कारण समोरच्या माणसाभोवती फिरत, प्रत्येक कोनातून त्याच्या देहाची कड न्याहाळत तो माती घडवीत असे. ज्या शिल्पाकडे सर्व बाजूंनी पाहून ते घडवले गेले, ते एका जागी उभे राहून पाहिले तर त्याचा एक लहानसा भागच आपल्या वाट्याला येतो. म्हणून देवळात घालतो तशी प्रदक्षिणा घालावी, तीही दोनदा. पहिली दूरून आणि न थांबता, केवळ बाह्यरेषा कशी बदलते ते पाहत. दुसरी जवळून, दर चार पावलांवर थांबत. नावाची पाटी दोन्ही प्रदक्षिणा झाल्यावरच वाचावी. पाटी आधी वाचली की डोळे फक्त तिच्यात सांगितलेले शोधू लागतात.

ही पद्धत ‘चुंबन’ या संगमरवरी शिल्पावर वापरून पाहावी. समोरून दिसते ते एक मग्न युगुल. फिरत मागच्या बाजूला गेले की पुरुषाच्या डाव्या हातात निसटू पाहणारे एक पुस्तक दिसते आणि सगळी कथा तिथे उलगडते. हे पाओलो आणि फ्रान्चेस्का आहेत, इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यात येणारे दीर आणि भावजय. सोबत एक प्रेमकथा वाचता वाचता ते एकमेकांकडे ओढले गेले आणि तिच्या नवऱ्याने दोघांनाही मारले. आणखी जवळ गेल्यावर लक्षात येते की त्यांचे ओठ एकमेकांना टेकलेलेही नाहीत. समोरून छायाचित्र काढून पुढे गेलेल्या माणसाला यातले काहीही मिळत नाही.

‘कॅथेड्रल’ या शिल्पात वर उठलेले दोन हात एकमेकांजवळ येऊन मधल्या पोकळीभोवती कमान धरतात. प्रार्थनेचे हात, असे वाटून आपण पुढे जातो. इथे थांबावे आणि आपले दोन हात तसे धरून पाहावेत. ते जमत नाही, कारण शिल्पातले दोन्ही हात उजवे आहेत, म्हणजे ते दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत. सोबत कोणी असेल तर दोघांनी मिळून तसे हात धरून पाहावेत, आणि मग शिल्पातली ती मधली पोकळी पुन्हा पाहावी.

‘कांस्ययुग’ हा पूर्णाकृती तरुण आज अगदी साधा वाटेल, पण त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १८७७ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा देह इतका जिवंत वाटला की शिल्पकाराने माणसाच्या अंगावरूनच थेट साचा घेतला असावा, असा आरोप रोदाँवर झाला. आरोप पुढे निवळला आणि सरकारने ते शिल्प विकतही घेतले. या तरुणाच्या डाव्या हातात आधी भाला होता, तो रोदाँने काढून टाकला. रिकामी मूठ तशीच राहिली आणि त्यामुळे त्या देहाला नेमके काय झाले आहे, हे सांगता येईनासे झाले. माझ्या दृष्टीने आधुनिक शिल्प इथे सुरू होते.

तुटलेले नाही, थांबवलेले आहे

आपल्याकडच्या पाहुण्यांना सर्वांत जास्त अडखळायला होते ते डोके किंवा हात नसलेल्या देहांपाशी. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे विसर्जन करावे, हा संस्कार आपल्या मनात खोल असतो. त्यामुळे हात नसलेले धड दिसले की ते फुटले असावे, असेच आपल्याला प्रथम वाटते. रोदाँ ग्रीक आणि रोमन शिल्पांचे भग्न अवशेष हौसेने जमवीत असे, आणि त्यांतून त्याला उमगले की अवयव नसले तरी शिल्प अपुरे राहत नाही. मग त्याने ते स्वतःच वगळायला सुरुवात केली. ‘चालणारा माणूस’ या शिल्पाला डोके नाही आणि हातही नाहीत. आपण ज्याला चालणे म्हणतो ते पाय आणि कंबर यांनीच होते, एवढेच ते शिल्प सांगते. डोके असते तर आपण चेहऱ्यावरचे भाव वाचत बसलो असतो.

याच दृष्टीने पृष्ठभागही पाहावा. बोटांचे ठसे, मातीचे तसेच सोडलेले गोळे आणि साच्याच्या जोडाच्या रेघा रोदाँने कित्येक ठिकाणी जशाच्या तशा ठेवल्या आहेत. पेणच्या कारखान्यात ज्या खुणा फिनिशिंगच्या वेळी घासून काढतात, त्या इथे कांस्यात कायमच्या उतरल्या आहेत. लहान लहान हात, पाय आणि डोकी यांचा प्लास्टरमधला मोठा साठा त्याच्याकडे असे. त्यातला एखादा हात नव्या धडाला जोडून पाहायचा आणि नवी आकृती जन्मते का ते बघायचे, ही त्याची रीत होती. एकच चेहरा दोन वेगळ्या शिल्पांत ओळखता आला, तर ती आपली चूक नाही, ती त्याच्या कामाची पद्धत आहे.

नग्नतेविषयी दोन शब्द. आई-वडील किंवा मुले सोबत असतील तर आधीच सांगून ठेवावे की इथली बहुतेक शिल्पे नग्न आहेत आणि काही उघडपणे शृंगारिक आहेत. माहीत असले की संकोच पुष्कळ कमी होतो. मुलांना घाईने ओढून नेण्यापेक्षा ‘हा माणूस कुठे जोर लावतो आहे?’ असे विचारावे. मुले चटकन पोटरीकडे किंवा पाठीकडे बोट दाखवतात, आणि ती बरोबर असतात.

कामीय क्लोदेलच्या शिल्पांपाशी

इथे घाई करू नये. कामीय क्लोदेल (१८६४-१९४३) रोदाँकडे शिकायला आली, त्याच्या कार्यशाळेत तिने काम केले आणि दोघांचे प्रेमसंबंधही होते. ते तुटल्यावर ती एकटीने काम करीत राहिली. १९१३ मध्ये घरच्यांनी तिला मनोरुग्णालयात ठेवले आणि आयुष्याची उरलेली तीस वर्षे तिने तिथेच काढली. तिची शिल्पे रोदाँच्या संग्रहालयात असावीत, हा निर्णय रोदाँनेच मान्य केला होता, पण ती पाहताना ती शिष्येची शिल्पे म्हणून पाहू नयेत. ‘कानगोष्टी’ या छोट्याशा शिल्पात चार बायका एका कोपऱ्यात डोकी एकत्र करून बसल्या आहेत. एक सांगते आहे आणि तिघी जिवाचे कान करून ऐकत आहेत. असले रोजचे, घरगुती आणि तरीही अथांग दृश्य रोदाँने कधी घडवले नाही. ‘प्रौढत्व’ या शिल्पसमूहात गुडघ्यांवर बसून हात पुढे करणारी तरुणी आणि तिच्यापासून ओढून नेला जाणारा पुरुष यांच्यामध्ये हवेचे जे अंतर आहे, ते बाजूने पाहावे. समोरून ते दिसत नाही.

घरातून बाहेर पडण्यापूर्वी व्हिन्सेंट व्हॅन गॉगने काढलेले ‘पेर तांगी’ या रंगविक्रेत्याचे व्यक्तिचित्र आवर्जून शोधावे. ते रोदाँने स्वतःसाठी घेतलेले होते.

बागेत

‘विचारवंता’जवळ पोचल्यावर आधी जवळच्या बाकावर बसावे आणि त्याच्यासारखे बसून पाहावे. उजवे कोपर डाव्या मांडीवर टेकवावे लागते, त्यामुळे पाठ पिळली जाते आणि काही क्षणांत ते सोसवेनासे होते. हा माणूस आरामात विचार करीत बसलेला नाही, हे एकदा स्वतःच्या पाठीला कळले की मग त्याच्या पायांची आवळलेली बोटे दिसू लागतात. ही प्रत १९०६ मध्ये पाँतेओं या इमारतीसमोर बसवली होती आणि १९२२ मध्ये इथे आणली गेली.

तिथून ‘नरकाचे द्वार’ गाठावे. रोदाँला १८८० मध्ये एका नियोजित संग्रहालयासाठी या दाराचे काम मिळाले. ते संग्रहालय ठरल्या जागी झालेच नाही, पण रोदाँ या दारावर अनेक वर्षे काम करीत राहिला आणि ते कांस्यात ओतलेले पाहण्यापूर्वीच वारला. सहा मीटरांहून उंच असलेल्या या दारासमोर माणूस प्रथम गोंधळतो, कारण त्यावर जवळजवळ दोनशे आकृती वर चढत, खाली कोसळत आणि एकमेकींत अडकत आहेत. आधी मागे सरून मधोमध, वरच्या पट्टीत बसलेली छोटी आकृती शोधावी. तो ‘विचारवंत’च आहे. मुळात तो या दारासाठी, आपल्या महाकाव्यात नरकाचे वर्णन करणारा कवी दान्ते म्हणून घडला. त्याच्याही वर, अगदी माथ्यावर, तीन छाया उभ्या आहेत. त्या तीन वेगळ्या आकृती वाटतात, पण ती एकच आकृती तीनदा ओतून तीन कोनांत वळवून ठेवलेली आहे. न हलता एकाच देहाची तीन बाजूंनी प्रदक्षिणा घडवणारी ही युक्ती पाहून मला दरवेळी रोदाँपुढे मान लववावीशी वाटते.

‘कॅलेचे नागरिक’ हा सहा पुरुषांचा समूह आहे. १३४६-४७ मध्ये इंग्लंडच्या राजाने फ्रान्समधल्या कॅले शहराला वेढा घातला होता. शहर वाचावे म्हणून सहा प्रतिष्ठित नागरिक गळ्यात दोर अडकवून, शहराच्या किल्ल्या घेऊन मरायला निघाले. राणीच्या विनवणीमुळे त्यांचे प्राण वाचले, पण रोदाँने त्यांना निघण्याच्या क्षणी पकडले आहे, जेव्हा सुटका होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकाने दोन्ही हातांत डोके धरले आहे, एकाने किल्ली घट्ट धरली आहे, आणि सहा जण सहा दिशांना पाहत आहेत. सहाही चेहरे एका जागेवरून नीट दिसत नाहीत. हे शिल्प उंच चौथऱ्यावर न ठेवता लोकांच्या पातळीवर असावे, अशी रोदाँची इच्छा होती. घोड्यावर बसलेल्या, आकाशात हात उंचावलेल्या वीरांच्या पुतळ्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे वीर भ्यालेले वाटतील. ते भ्यालेले आहेतच, आणि तरीही ते चालले आहेत.

‘बाल्झाक’ शेवटी ठेवावा. लेखकांच्या संस्थेने हा पुतळा १८९१ मध्ये सांगितला आणि १८९८ मध्ये तयार झाल्यावर तो नाकारला. रोदाँने बाल्झाकच्या देहाचे नग्न अभ्यास केले, खरा झगा प्लास्टरमध्ये बुडवून त्याच्या घड्या जमवल्या, आणि शेवटी सगळे तपशील गिळून टाकणारा एक उभा उंचवटा ठेवून त्यावर फक्त चेहरा उजळ ठेवला. समोरून तो बोजड वाटेल. बाजूला जाऊन पाहिल्यावर तो मागे रेललेला दिसतो, एखाद्या कड्यासारखा.

एवढे होईपर्यंत अडीच-तीन तास जातात. बागेत उपाहारगृह आहे, तिथे बसून हाताशी असलेल्या वहीत एक तरी रेखाटन करावे. चित्रकला येण्याची गरज नाही. एखाद्या पाठीची कड पेन्सिलीने उतरवताना जे दिसते, ते कॅमेऱ्यातून दिसत नाही.

आणखी वेळ असेल तर

भारतीय प्रेक्षकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. मद्रासच्या संग्रहालयातल्या कांस्य नटराजाची छायाचित्रे रोदाँच्या हाती आली आणि त्यांवर त्याने भारावून जाऊन लिहिले. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ मूर्ती त्याने पाहिली नव्हती, तरी त्या छायाचित्रांतली एक एक कड तो बागेतल्या शिल्पांइतक्याच बारकाईने पाहत गेला होता. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात पुढे कधी जाणे झाले, तर त्या नटराजाभोवती जमेल तितके फिरून पाहावे.

पॅरिसमध्येच आणखी एक दिवस असल्यास ओर्से संग्रहालयात ‘नरकाच्या द्वारा’चे प्लास्टर पाहावे. त्याच पांढऱ्या प्लास्टरमध्ये सावल्या किती मऊ होतात ते तिथे कळते. ‘बाल्झाक’ची एक प्रत रास्पाय मार्गावर १९३९ पासून उघड्यावर उभी आहे, आणि ती रस्त्यावरून जाता-येता कोणत्याही वेळी पाहता येते. शहराबाहेर मदाँ येथे रोदाँचे राहते घर आणि प्लास्टरच्या कामाचे दालन आहे. ते रोज उघडे नसते, त्यामुळे दिवस आणि वेळ पाहूनच निघावे. घराच्या बागेत रोदाँ आणि त्याची आयुष्यभराची सोबतीण रोझ बरे यांची समाधी आहे. दोघांनी लग्न केले ते १९१७ च्या जानेवारीत, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच ती गेली. समाधीच्या माथ्यावर ‘विचारवंत’ बसवलेला आहे. तिथे गर्दी नसते आणि प्रदक्षिणा घालायला जागा भरपूर आहे.